सतरा नंबरचा खिळा

एप्रिल अर्धा सरला की आमच्या चामराजपेटेत दुपारी तीनच्या सुमाराला हवा एकाएकी पडते. दोरीवरचे कपडे हलायचे थांबतात, कोपऱ्यावरची फुलवाली मोगऱ्यावर पुन्हा पुन्हा पाणी शिंपडते, आणि मान वर करून बघावं तर सकाळपासून घिरट्या घालणाऱ्या घारी कुठेतरी गडप झालेल्या असतात. मग पूर्वेकडून धुळीचा वास येतो आणि त्याच्या पाठोपाठ वारा. सगळ्या बेंगळुराला हा वारा आवडतो. उकाड्यानं वैतागलेली माणसं गॅलरीत येऊन उभी राहतात, आता स्वल्प गार होईल म्हणतात. मी मात्र आत जाऊन माणसं मोजते. कोण घरात आहे, कोण बाहेर, बाहेर असेल तर नक्की कुठे. ‘येतील की’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

घरचे हसतात. हसू देत. पण परवा जेवताना मुलीनं एक गंमत सांगितली आणि माझा घास हातातच राहिला. महादेवपुऱ्यात तिचं ऑफिस आहे, काचेचं, बारा मजली. तिथं आग लागल्यावर काय करायचं याचा सराव होता. भोंगा वाजला, सगळे जिने उतरून खाली गेले आणि आमच्या बाईसाहेब वर कँटीनमध्ये डोसा खात बसल्या. खाली नावं पुकारली तेव्हा मैत्रिणीनं हिच्या नावाला ‘आहे’ म्हणून टाकलं. मैत्रीण किती चांगली, हे सांगण्यासाठी ती हे सांगत होती. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचा टीव्ही बंद झाला. पोरगी बघतच राहिली. म्हणाली, आई, अगं खोटं ड्रिल होतं ते, एवढं काय.

एवढं काय, ते तिला मी कधी सांगितलेलं नाही. तिच्या त्या काचेच्या इमारतीपासून दोन-तीन मैलांवर नव्वदच्या दशकात माझी पहिली नोकरी होती. तेव्हा तिकडे काच नव्हती, निलगिरी होती, द्राक्षाचे मळे होते आणि लाल मातीचे रस्ते होते. देशाची दारं नुकतीच उघडली होती, आणि बेंगळुरातून कॉफी, रेशीम, तयार कपडे, ग्रॅनाइटच्या लाद्या असं काय काय परदेशी जायला लागलं होतं. माल इथेच कंटेनरमध्ये भरायचा, इथेच तपासून सील लावायचं, आणि मग तो थेट समुद्रावरच्या बंदराला पाठवून जहाजात चढवायचा. अशा जागेला कोरडं बंदर म्हणतात. आमचं एका खासगी मालकाचं होतं. भलंमोठं पटांगण, तारेचं कुंपण, एकावर एक तीन रचलेल्या कंटेनरच्या रांगा, आणि फाटकाशी एक खोली. त्या खोलीत खिडकीपाशी मी बसत असे.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही नोकरी पहिल्यापासून चेष्टेवारी नेली होती. तीनशे वर्षांपूर्वी कुणा पूर्वजानं फौजेबरोबर इकडे येऊन बिऱ्हाड केलं तेव्हापासून आमच्या घरात कुणी समुद्र पाहिलेला नाही. अण्णा येईल-जाईल त्याला सांगत, आमची विमला बंदरावर कामाला आहे, होडीनं जाते. मी चामराजपेटेतून मार्केट आणि मार्केटातून दुसरी बस अशी दीड तास घाम गाळत जायची. तरी खरं सांगायचं तर मला ती नोकरी फार आवडायची. मला मुळात व्यवस्था आवडते. फाटकातून आत गेलेली प्रत्येक गोष्ट माझ्या वहीत असायची आणि बाहेर आलेलीही. या पटांगणात काय आहे नि काय नाही ते मला विचारा, असा माझा तोरा होता.

माझ्याहून जास्त तोरा असलेला माणूस एकच, तांडेल सर. पहारा, सुरक्षा, अपघात, वादळ हे सगळं त्यांच्याकडे. पंचवीस वर्षं कोकणातल्या एका बंदरावर हेच काम करून आले होते; मुलगा बेंगळुरात म्हणून इथे. सहा फूट उंच, काळेभोर, आवाज असा की सांगितलेलं ऐकूच यावं. सील लावलेल्या कुलपावरून ते डोळे मिटून अंगठा फिरवत आणि कुणी छेडछाड केली असेल तर लगेच सांगत. मला ‘बाय’ म्हणत. माझ्या कानडी मिसळलेल्या मराठीला हसत आणि मी त्यांच्या ‘गो’ला हसे. आपलं मराठी ऐकायला दोघांनाही तिथे दुसरं कुणी नव्हतं.

समुद्रापासून तीनशे-साडेतीनशे किलोमीटर लांब, तीन हजार फूट उंचावर, या माणसानं आल्या आल्या वादळाची तयारी सुरू केली. पटांगणाच्या मधोमध लोखंडी खांब उभा केला. मार्केटातून दोन मोठ्या वेताच्या दुरड्या आणल्या आणि काळ्या कापडात शिवून घेतल्या. बंदरावर वादळाचा बावटा चढवतात ना, तसं हे. एक दुरडी वर गेली की सावध राहा. दोन दुरड्या आणि भोंगा म्हणजे पटांगण सोडा. रिकामे कंटेनर वजनाला हलके, म्हणून त्यांच्या वरच्या थरांना साखळ्या. चालक, हमाल, क्रेनवाले, सगळे तोंड फिरवून हसायचे. पहिल्या दिवशी दुरडी चढली तेव्हा कुणीतरी विचारलं की सर, मासळी कधी येणार. सर म्हणाले, “समुद्र नाही म्हणून वारा येत नाही, असं वाऱ्याला कुणी सांगितलंय का?”

आणि मग बिल्ले. फाटकाच्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी एक फळा ठोकून घेतला, त्यावर ओळीनं खिळे, प्रत्येक खिळ्याखाली नंबर. प्रत्येकाला पितळेचा एक बिल्ला. आत जाताना आपला बिल्ला आपल्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर येताना काढून घ्यायचा. भोंगा झाला की फळ्याकडे बघायचं. बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस आत आहे. आणखी एक नियम होता, तो ते दर सोमवारी सगळ्यांना उभं करून घोकून घेत. भोंगा होईल तेव्हा लांबच्या रांगेत असाल तर मधून धावत सुटू नका, वरून काही कोसळलं तर मराल. जमिनीवरच्या एखाद्या कंटेनरात शिरा आणि बसून राहा. बिल्ला फळ्यावर आहे तोवर आम्ही तुम्हाला न्यायला येणारच.

“आणि दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही,” ते म्हणत. एकदा बंदरावर वादळ ओसरल्यावर त्यांनी चार तास एका माणसाला शोधलं होतं आणि तो घरी जेवून झोपला होता. हे ते हसत हसत सांगत. याच्या उलट काही झालं होतं का, असं मी विचारलं तेव्हा ते सिलांची पेटी आवरायला लागले.

आता मुनिअक्काबद्दल. नाव मुनियम्मा, पण सगळे मुनिअक्का म्हणत. पन्नाशीची, माझ्या खांद्याला लागेल एवढी, कपाळावर आठ आण्याएवढं कुंकू. परत आलेले रिकामे कंटेनर झाडून पुसून पुढच्या मालासाठी तयार करणं हे तिचं काम. चपला बाहेर काढून ती कंटेनरमध्ये जायची, कुणाच्या घरात जावं तशी. तिचं नाक म्हणजे चमत्कार होता. बंद दाराच्या फटीशी नाक नेऊन सांगायची, यात मिरची होती, यात चामडं, यात कसलंतरी औषध. कॉफी भरायची असेल तर कंटेनरला कसलाच वास चालत नाही, कॉफी तो ओढून घेते. मोठमोठे साहेब कागद घेऊन यायचे आणि मुनिअक्कानं नाक मुरडलं की तो कंटेनर बाजूला काढायचे. ती स्वतः मात्र सकाळी माझ्या खिडकीशी आली की खोबरेल तेल आणि पानाचा वास यायचा. बुत्तीची पिशवी, म्हणजे तिचा जेवणाचा डबा, माझ्या खिडकीच्या कडीला अडकवायची, कारण आत उंदीर फार.

तिचा नंबर सतरा. वरच्या ओळीतला. फळा ठोकला तो तांडेल सरांच्या उंचीनं, आणि मुनिअक्काचा हात तिथवर पोचायचा नाही. पहिले काही दिवस ती स्टुलावर चढायची. मग स्टूल कँटीनवाल्यानं नेलं. मी म्हटलं, आण इकडे, मी लावते. तेव्हापासून सकाळी ती बिल्ला माझ्या हातात द्यायची, मी मागे वळून लावायची, चारला काढून तिच्या हातात द्यायची. सव्वाचारची तिची बस. ती चुकली की पुढची सहाला, म्हणून मी चार वाजायच्या आतच बिल्ला काढून खिडकीत ठेवून द्यायची. आली की उचलायचा नि पळायचं. कधी घाईत बिल्ला माझ्याकडेच ठेवून धावायची. मी सकाळी परस्पर लावून टाकायची. तिला ते फार गोड वाटे. सणाला माझ्यासाठी ओबट्टू, म्हणजे पुरणपोळ्या, आणायची, केळीच्या पानात.

तांडेल सरांनी एकदा पाहिलं. खूप ओरडले नाहीत. म्हणाले, “बाय, तो खिळा खाली घेऊन टाक. सुताराला सांग.” मी हो म्हटलं. पंधरा दिवसांनी पुन्हा म्हणाले. मी पुन्हा हो म्हटलं. सुतार रोज समोरून जायचा. हाक मारायची, दोन मिनिटं, एक खिळा काढून दोन हात खाली ठोकायचा, संपलं. मी ते विसरले असं पुढे बराच काळ स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. मला वाटायचं, काय गरज आहे, मी आहे ना. तिचं माझ्यावाचून अडतं हे मला आवडत होतं. आज एवढ्या वर्षांनी हे लिहिताना लाज वाटतेय, पण आहे ते असं आहे.

तो दिवस एप्रिलचाच. दुपारी हवा पडली. क्रेनवाले सावलीला जाऊन आडवे झाले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे कॉफी भरायची म्हणून शेवटच्या रांगेतला एक कंटेनर काढून खाली जमिनीवर ठेवला होता, आणि तो काढण्यासाठी त्या रांगेच्या साखळ्या सोडल्या होत्या. त्या परत बांधायच्या राहिल्या. साडेतीनच्या सुमाराला मुनिअक्का फाटकाजवळच्या नळावर पाणी प्यायला आली. मी खिडकीतून पाहिलं. पाणी प्याली, तोंडावर मारलं, पदरानं पुसलं, आभाळाकडे बघून तोंड वाकडं केलं. पूर्वेला काळं व्हायला लागलं होतं. मला वाटलं, आवरलं हिचं, आज लवकर निघतेय, पाऊस यायच्या आत बस मिळू दे बिचारीला. मी मागे वळले, सतरा नंबरचा बिल्ला काढला आणि खिडकीत वहीखाली ठेवला. वाऱ्यानं उडू नये म्हणून वहीखाली. इतकी माझी काळजी.

पुन्हा वळून पाहिलं तेव्हा नळावर कुणी नव्हतं. तेवढ्यात दोन चालक कागद घेऊन भांडत आले आणि मी त्यांच्यात गुंतले. ती झाडू घेऊन परत शेवटच्या रांगेकडे गेली होती. कॉफीचा कंटेनर अर्धाच पुसून झाला होता, आणि अर्धवट काम टाकून जायचा तिचा स्वभाव नव्हता.

खांबावर एक दुरडी चढली आणि पाचच मिनिटांत दुसरी. भोंगा वाजायला लागला. धूळ इतकी उठली की खांब दिसेना. माणसं फाटकाकडे आली, हसत-खोकत, एकमेकांना ढकलत आपापले बिल्ले ओढून घेऊ लागली. खिळे भराभर रिकामे झाले. तांडेल सर दारात उभे होते, डोळ्यांवर हात धरून. त्यांनी मागे न बघता विचारलं, “बाय, फळा?”

मी फळ्याकडे बघितलं. पहिल्या खिळ्यापासून शेवटच्या खिळ्यापर्यंत, बोट फिरवून. बघून मी म्हटलं, “रिकामा, सर.”

त्यांनी फाटक लावायला सांगितलं, आतली वीज तोडायला सांगितलं. आता वारा पडेपर्यंत कुणी आत जायचं नाही, हाही त्यांचाच नियम. मग तो आवाज आला. मी आजवर तसा आवाज ऐकला नाही. पातेलं पडल्यासारखा सुरू झाला आणि जमीन हादरून संपला. शेवटच्या रांगेचे वरचे रिकामे कंटेनर साखळ्या नसल्यामुळे एकामागून एक घसरून खाली आले होते. इतके दिवस हसणारी सगळी माणसं भिंतीला सरकली. पाऊस सुरू झाला, गारा पडायला लागल्या, पत्र्यावर काही ऐकू येईना. तांडेल सर माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसले, डोक्यावरून रुमाल फिरवला आणि म्हणाले, फळा रिकामा होता, देवाची कृपा. त्यांच्या तोंडून देवाचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. कुणीतरी चहा आणला. मी चहा प्याले. मला तो चहा आठवतो, आलं घातलेला होता, चांगला होता.

पाऊण तासानं गारा थांबल्या. मी खिडकी पुसायला उठले आणि कडीला मुनिअक्काची बुत्तीची पिशवी दिसली.

ओली झाली होती. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. डबा सोडून ती कधी गेली नव्हती. वही उचलली, खाली सतरा नंबर होता. तरीही मी लगेच बोलले नाही. हे मला सांगायलाच हवं. मी आधी बाहेरच्या पहारेकऱ्याकडे गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, मुनिअक्का गेली ना. तो म्हणाला, गेली असेल. मी परत आले, पुन्हा पिशवीकडे बघितलं. आजच विसरली असेल, असं मनाशी म्हटलं. माझी चूक नसावी म्हणून मी पाच मिनिटं घालवली. मग बिल्ला तळहातावर ठेवून तो हात तांडेल सरांपुढे केला.

त्यांनी बिल्ल्याचा नंबर वाचला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. रागानं नाही. मला अजून कळत नाही कसल्या नजरेनं. “कधी काढलास?” म्हणाले. मी सांगितलं. ते उठले आणि पावसात धावत सुटले. वारा पडला नव्हता, वीज तोडलेली होती, त्यांचा स्वतःचा नियम होता. चार माणसं त्यांच्यामागे गेली.

जमिनीवरच्या त्या कॉफीच्या कंटेनरला एक पडलेला कंटेनर तिरका टेकला होता. एक दार वाऱ्यानं मिटलं होतं आणि मिटताना मुनिअक्काचा उजवा हात त्यात गेला होता, मनगटाच्या वर. ती दार धरून ठेवायला उठली होती, तेवढ्यात हे झालं. क्रेन सुरू करायला वीज जोडायला हवी, वीज जोडणारा घरी गेलेला. सगळं मिळून तिला बाहेर काढेपर्यंत भोंग्याला दीड तास होऊन गेला होता. मी फाटकापाशी उभी होते. तिला उचलून नेताना तिच्या चपला कुणी घेतल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या तिथेच, कंटेनरच्या बाहेर, पडलेल्या कंटेनरच्या आडोशाला, शेजारी शेजारी ठेवलेल्या दिसल्या.

जीव वाचला. हात गेला. डॉक्टरांनी तांडेल सरांना सांगितलं की लवकर आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता. सरांनी ते माझ्यापासून लपवलं नाही. चौकशीचा कागद आला तेव्हा मी सगळं लिहून दिलं, खिळ्यासकट. सरांनी खाली लिहिलं की फळा चुकीच्या उंचीला ठोकला ही माझी चूक, आणि सही केली. मला वाटलं होतं, आपल्याला काढून टाकतील. कुणी काढलं नाही. सगळे उलट समजूत घालायचे, तू चांगल्या मनानं केलंस. ते ऐकलं की मी उठून जायची. घरी अण्णांनी होडीची चेष्टा बंद केली. एकदा फक्त रात्रीचं जेवण झाल्यावर म्हणाले, “तिला सांगितलंस का?”

तांडेल सरही तेच म्हणाले. कागदावर लिहिलंस ते मालकासाठी. बिल्ला जिचा तिच्या हातात नेऊन दे.

मी गेले. बायकांचा मोठा वॉर्ड होता, फिनेलचा वास, खिडकीबाहेर गुलमोहर लालेलाल. मुनिअक्का उशीला टेकून बसली होती. कपाळावर कुंकू नव्हतं. उजव्या हातानं लावायची सवय. मला बघून तिचा चेहरा उजळला. परवागिल्ला अम्मा, असू दे, रडू नका, म्हणाली. तीच मला सांगत होती. म्हणाली, त्या दिवशी मला भीती नाही वाटली. भोंगा ऐकला, दारात आले, बघितलं तर फाटक दिसत नव्हतं. धावले असते तर पोचलेही असते कदाचित, पण सरांनी सांगितलंय ना, लांब असाल तर धावू नका, आत बसा. म्हणून आत जाऊन बसले. पुढे हात अडकला तेव्हासुद्धा मनाशी म्हणत होते, आत्ता येतील, बिल्ला आहे फळ्यावर, विमलम्मा बघणारच.

मी तिला सांगितलं. तिच्या कानडीत सांगितलं, म्हणजे तिला नीट कळेल. अक्का, बिल्ला नव्हता. तू नळावर आलीस तेव्हाच मी काढून ठेवला होता.

तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तिला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळत गेलं, आणि ते कळत जाताना मी बघितलं. ती फार हळू म्हणाली, “म्हणजे मी धावायला हवं होतं.”

एवढंच. मग गुलमोहराकडे बघत बसली. मी बिल्ला तिच्या डाव्या हाताशी चादरीवर ठेवला आणि बाहेर आले. बसमध्ये बसले, उतरायचं ठिकाण गेलं, शेवटच्या थांब्यावर कंडक्टरनं उठवलं. पुढे कित्येक महिने कपडे वाळत घालताना, भाजी चिरताना, मध्येच ते वाक्य यायचं आणि हातातलं काम तसंच राहायचं. अजून येतं. परवा घास हातात राहिला तो त्यामुळेच.

चार महिन्यांनी मुनिअक्का कामावर परत आली. झाडायचं काम आता होणार नव्हतं. तांडेल सरांनी भांडून तिला वास घेण्याचं काम दिलं. फक्त तेवढंच, दिवसभर फिरायचं, दारं उघडून घ्यायची आणि सांगायचं यात काय होतं. त्या सकाळी सर माझ्याही आधी आले होते. फळ्यापुढे उभे राहून स्वतःच्या हातानं त्यांनी सतरा नंबरचा खिळा उपटला आणि खाली, माझ्या कमरेच्या जरा वर ठोकला. चार ठोके. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी बघत होते.

ती आली. खोबरेल तेलाचा वास आधी आला. कुंकू होतं, जरा वाकडं. बुत्तीची पिशवी तिनं खिडकीच्या कडीला अडकवली. मग डाव्या हातानं कमरेच्या पिशवीतून बिल्ला काढला, आणि माझा हात सवयीनं पुढे गेला. खरंच सवयीनं, मला कळायच्या आत गेला.

मुनिअक्कानं आपला हात मागे घेतला.

“बेडा अम्मा,” ती म्हणाली. नको. आवाजात काही नव्हतं, रोजच्यासारखाच होता.

ती फळ्यापाशी गेली. बिल्ल्याची कडी बारीक, खिळा नवा, आणि डावा हात. पहिल्यांदा कडी खिळ्यावरून घसरली. दुसऱ्यांदा बिल्ला खाली पडला, गोल फिरत माझ्या पायापाशी आला. ती वाकली, उचलला, पुन्हा लावायला लागली. बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. तांडेल सर दारात उभे होते, ते हलले नाहीत. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले, एकानं दुसरा घट्ट धरला, आणि तिचा बिल्ला तिच्या हातानं लागेपर्यंत तशीच उभी राहिले.